विश्लेषण : हवेतून प्रथिने मिळतील, पण त्यासाठीची वीज कोणाची?

फिनलंडची राजधानी हेलसिंकीला लागून असलेल्या व्हान्ता शहरात २०२४ पासून एक वेगळाच अन्नकारखाना सुरू आहे. तिथे धान्य येत नाही, दूध येत नाही, सोयाबीनही येत नाही. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन, प्राणवायू, थोडा अमोनिया आणि काही खनिजे आत जातात. बाहेर पडते पिवळसर, बारीक पीठ. त्यात ६५ टक्क्यांहून जास्त प्रथिने असतात. कंपनीचे नाव ‘सोलर फूड्स’ आणि पिठाचे नाव ‘सोलेइन’. सिंगापूरने २०२२ मध्ये ते खाण्यास परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी तिथल्या एका रेस्तराँमध्ये त्याचे चॉकलेट आइस्क्रीम विक्रीला आले.

‘हवेतून अन्न’ म्हणून या पिठाचा जगभर गाजावाजा झाला. हवामान बदलावरचा उपाय, भुकेवरचा उपाय, गाईगुरांना पर्याय अशी बरीच विशेषणे त्याला लागली. तंत्रज्ञान खरे आहे, त्यात भोंदूगिरी नाही. पण ते नेमके कशापासून अन्न बनवते, हे नीट पाहिले तर त्याचा संबंध हवेपेक्षा विजेशी जास्त आहे. आणि मग हा विषय फिनलंडपुरता राहत नाही. ऊस, डिस्टिलरी आणि सोयाबीन या तिन्ही गोष्टी भरपूर असलेल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो.

हे पीठ बनते कसे?

मातीत आणि पाण्यात असे काही जिवाणू असतात, जे हायड्रोजन ‘खातात’. झाडे सूर्यप्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. हे जिवाणू तेच काम अंधारात करतात. त्यांना लागणारी ऊर्जा हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या संयोगातून मिळते. त्यांतल्या ‘क्युप्रियाव्हिडस नेकेटर’ या जिवाणूवर अनेक दशके संशोधन झाले आहे. अंतराळवीरांच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडपासून यानातच अन्न बनवता येईल का, याचा विचार अमेरिकेत १९६०च्या दशकातच सुरू झाला होता. सोलर फूड्स ‘झँथोबॅक्टर’ कुळातील जिवाणू वापरते.

प्रत्यक्ष कृती मद्यनिर्मितीच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. पोलादी फर्मेंटरमध्ये पाणी, खनिजे आणि जिवाणूंचे विरजण. खालून वायूंचे बुडबुडे सोडायचे. जिवाणू वाढले की काढून घ्यायचे, उष्णतेने मारायचे, पाणी वेगळे करायचे आणि सुकवायचे. मळीऐवजी वायू, एवढाच मोठा फरक.

मात्र हा फरक अभियंत्यांची झोप उडवणारा आहे. हायड्रोजन पाण्यात फारच कमी विरघळतो. त्यामुळे तो जिवाणूंपर्यंत पोहोचवायला टाकी सतत घुसळावी लागते किंवा दाब वाढवावा लागतो. शिवाय हायड्रोजन आणि प्राणवायू एकाच टाकीत म्हणजे ठिणगीची वाट पाहणारे मिश्रण. जर्मन भाषेत या मिश्रणाला ‘क्नालगास’, म्हणजे धडाका उडवणारा वायू, म्हणतात आणि या जिवाणूंनाही शास्त्रज्ञ त्याच नावाने ओळखतात.

दुसरी अडचण खाणाऱ्याच्या बाजूची. झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंमध्ये आरएनए भरपूर असते. ते पचताना माणसाच्या शरीरात यूरिक ॲसिड वाढते. त्यामुळे असे पीठ माणसासाठी वापरताना आरएनए कमी करावे लागते किंवा रोजचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते.

एक किलो पिठाला काय काय लागते?

इथे थोडे आकडे पाहू, कारण सगळा वाद त्यांच्यातच आहे. या जिवाणूंच्या वाढीचे रासायनिक समीकरण प्रयोगशाळांनी फार पूर्वी मांडून ठेवले आहे. त्यानुसार एक किलो कोरडे पीठ तयार व्हायला साधारण १.८५ किलो कार्बन डायऑक्साइड, ४४० ग्रॅम हायड्रोजन आणि सव्वाशे-दीडशे ग्रॅम अमोनिया लागतो.

यातला हायड्रोजन महागडा. पाण्याचे विजेने विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला इलेक्ट्रोलायझरला ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे एक किलो पिठामागे, फक्त हायड्रोजनसाठी, २२ ते २४ युनिट. घुसळणे, थंड करणे, सुकवणे यांची वीज वेगळी. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची वीज घेतली तर त्यात जेमतेम चार किलो पीठ होईल.

पाण्याची बाजू मात्र खरोखर चांगली आहे. इलेक्ट्रोलायझरला किलोमागे चारेक लिटर पाणी लागते आणि त्यातले बरेचसे जिवाणूंच्या श्वसनातून पुन्हा पाणी होऊनच बाहेर पडते. थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी धरले तरी कोणत्याही पिकाशी त्याची तुलना होणार नाही. टँकरवर जगणाऱ्या तालुक्यांच्या राज्यात ही गोष्ट किरकोळ समजता येत नाही.

मग हवामानाला फायदा किती?

‘पकडलेल्या कार्बनपासून प्रथिने’ हे शब्द ऐकले की कार्बन कुठेतरी कायमचा बंदिस्त झाला असे वाटते. तसे काही होत नाही. पीठ आपण खातो, पचवतो आणि त्यातला बहुतेक कार्बन श्वासावाटे परत हवेत सोडतो. पोळी-भाजीतला कार्बनही हेच करतो. त्यामुळे पकडलेला कार्बन म्हणजे उसनवारी आहे, बचत नव्हे.

बचत होऊ शकते ती दुसरीकडून. जंगल तोडून काढलेली चाऱ्याची शेते, गुरांच्या पोटातून येणारा मिथेन, खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड यांची जागा या पिठाने घेतली तर. आणि त्यालाही एक अट आहे. भारताच्या ग्रिडमधील एक युनिट विजेमागे आज सरासरी सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २२ युनिटचे गणित केले तर एक किलो पिठामागे सुमारे १६ किलो होतात. पावणेदोन किलो पकडायचा आणि सोळा किलो सोडायचा, असा हा व्यवहार होईल. फिनलंडची वीज मुख्यतः अणुऊर्जा, जलविद्युत आणि पवनऊर्जेची असल्याने तिथे हे गणित जुळते. कोळशाच्या विजेवर तेच तंत्रज्ञान शुद्ध मूर्खपणा ठरेल, मग पाकिटावर कितीही हिरवी पाने छापलेली असोत.

म्हणून अशा प्रकल्पाची बातमी आली की कार्बन कुठून पकडला, यापेक्षा वीज कुठून आणली हे आधी विचारायला हवे.

सौरऊर्जेवर चालवले तर?

तर चित्र एकदम पालटते. पिके सूर्याच्या ऊर्जेतील जेमतेम एक टक्का, बहुधा त्याहूनही कमी, अन्नात साठवतात. सौरपॅनेल सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करते. मधल्या टप्प्यांत बरीच गळती होऊनही जिवाणूंचा मार्ग पुढे राहतो. जर्मनी आणि इस्रायलमधील संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ‘पीएनएएस’ या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. सोयाबीनच्या तुलनेत तेवढ्याच जमिनीतून दहापट किंवा त्याहून जास्त प्रथिने निघू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पॅनेल खडकाळ माळावरही चालते, ही आणखी एक जमेची बाजू.

महाराष्ट्राचा यात संबंध कुठे येतो?

डिस्टिलरीत. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो फक्त ०.०४ टक्का; तो गाळून काढणे अतिशय खर्चिक. औष्णिक वीज केंद्राच्या धुरात तो जास्त असतो, पण राख, गंधक आणि नायट्रोजनसह. इथेनॉलच्या फर्मेंटरमधून मात्र जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. काही डिस्टिलऱ्या तो शुद्ध करून शीतपेयांसाठी आणि ड्राय आइससाठी विकतात. बाकीच्यांचा हवेत जातो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे या डिस्टिलऱ्यांची क्षमता गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहे.

दिवसाला एक लाख लिटर क्षमतेची एक डिस्टिलरी घेऊ. तिच्यातून रोज ७५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यापासून कागदावर रोज ४० टन पीठ होईल, म्हणजे २६ टन प्रथिने. वर्षातले ३०० दिवस चालली तर सुमारे ७,८०० टन प्रथिने. व्हान्ताच्या कारखान्याची वर्षाची क्षमता १६० टन पीठ आहे. आपल्या कल्पनेतली डिस्टिलरी ते चार दिवसांत उरकेल.

याला लागेल अहोरात्र सुमारे ३७ मेगावॉट वीज. ती सौरऊर्जेतून आणायची तर १८० ते १९० मेगावॉटचा प्रकल्प आणि त्याखाली साडेसातशे ते साडेनऊशे एकर जमीन. तेवढीच प्रथिने सोयाबीनमधून घ्यायची तर, एकरी साडेचार क्विंटलचा कोरडवाहू उतारा धरून, ४५ हजार एकरांवर पेरणी करावी लागेल.

हे आकडे पाहून हुरळून जाण्याआधी एक खुलासा. यात इलेक्ट्रोलायझर रात्री कशावर चालवायचा याचे उत्तर नाही. फक्त उन्हात चालवला तर कोट्यवधींची यंत्रे दिवसातले अठरा तास पडून राहतात. रात्रीसाठी हायड्रोजन साठवला तर साठवणीचा खर्च. कारखान्यांकडे बगॅसवर चालणारे सहवीज प्रकल्प आहेत, पण ते मुख्यतः गाळप हंगामात चालतात आणि त्यांची वीज आधीच कुणाला तरी विकलेली असते.

आणि अमोनिया? तो आज नैसर्गिक वायूपासून होतो, जसा अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात होतो. सोयाबीनला ही गरज फार कमी, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन फुकट पकडून देतात. जिवाणूंपासून प्रथिने मिळवण्याची कला सोयाबीनला आपल्या कितीतरी आधीपासून अवगत आहे, एवढे मान्य करायला हरकत नाही.

दराचे काय?

वीज पाच रुपये युनिट धरली तर एक किलो पिठात ११० रुपयांची वीज जाते. म्हणजे एक किलो प्रथिनांमागे सुमारे १७० रुपये, आणि हा नुसता विजेचा खर्च. सौरऊर्जा तीन रुपयांनी मिळाली तर १०० रुपयांच्या आसपास. यंत्रे, व्याज, मजुरी, अमोनिया हे सगळे यानंतर.

आता आपल्याकडची धान्ये पाहू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्यात ३८ टक्के प्रथिने धरली तर किलोभर प्रथिने १४० रुपयांना पडतात, वर तेल वेगळे. तुरीचा हमीभाव ८,००० रुपये; २२ टक्क्यांच्या हिशेबाने किलोभर प्रथिने ३६० रुपयांच्या पुढे. म्हणजे हे पीठ तुरीशी कदाचित स्पर्धा करू शकेल, सोयाबीनशी आज तरी नाही. (तुरीच्या वरणाला पिवळे पीठ हा पर्याय आहे असे म्हणायचे धाडस मी करणार नाही.)

म्हणूनच कंपन्या गरिबाच्या ताटाकडे पाहत नाहीत. अमेरिकेत सोलर फूड्सचा रोख व्यायाम करणाऱ्यांच्या प्रोटीन पावडरवर आहे. जिथे व्हे प्रोटीनच्या डब्याला किलोमागे दोन हजार रुपये मोजले जातात, तिथे हे पीठ सहज खपू शकते. व्यवसाय म्हणून त्यात चूक काहीच नाही. फक्त मग जाहिरातीत जगाच्या भुकेचा उल्लेख नको.

भुकेचा प्रश्न याने सुटणार नाही का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. या मुलांना प्रथिने हवीत, याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाहीत याचे कारण जगात प्रथिने कमी आहेत हे नव्हे. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी थांबवला आणि हवी असल्यास लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. अंडे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने देते, गावातच मिळते आणि त्यासाठी इलेक्ट्रोलायझर लागत नाही. जे सरकार अंड्याचे पैसे मागे घेते, ते उद्या पिवळ्या पिठाचे पैसे देईल हे मानायला माझ्याजवळ तरी कारण नाही.

मग धोका कोणाला?

माझ्या मते खरी कसोटी माणसाच्या ताटात लागणार नाही, ती कोंबडीच्या खाद्यात लागेल. चव, नाव, धार्मिक भावना यांचा तिथे प्रश्न नसतो. किलोमागे प्रथिने किती आणि दर काय, एवढेच पाहिले जाते. जगभर वायूंपासून प्रथिने बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी सुरुवात पशुखाद्य आणि मत्स्यखाद्यापासून केली आहे. बंगळूरुची ‘स्ट्रिंग बायो’ मिथेनपासून प्रथिने बनवते, तिचाही तो एक मुख्य बाजार आहे. आणि आपल्याकडे पशुखाद्यातील प्रथिने म्हणजे सोयापेंड.

महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन आहे, त्यातले बरेचसे मराठवाडा आणि विदर्भात, पावसावर. सोयाबीनचा दर ठरतो तो तेल आणि पेंड या दोन गोष्टींवर. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांमध्ये शेतकऱ्याने चार हजारांच्या आसपास माल विकला. विधानसभा निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला. ज्या पिकाला आजच ग्राहक मिळत नाही, त्याच्या पेंडीला स्पर्धक आला तर काय होईल, हे लातूरच्या आडत्याला समजावून सांगावे लागणार नाही.

हा धोका उद्याचा नाही. असे तंत्रज्ञान आधीही एकदा आपटले आहे. ब्रिटनच्या ‘आयसीआय’ कंपनीने १९७०-८० च्या दशकांत बिलिंगहॅम येथे मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचे पशुखाद्य बनवले. त्यासाठी पंधराशे घनमीटरचा, त्या काळातला अवाढव्य फर्मेंटर उभारला. तंत्र उत्तम चालले, धंदा बुडाला; कारण मिथेनॉल महागले आणि सोयापेंड स्वस्तच राहिली. त्या कारखान्यातला अनुभव आणि प्रायोगिक यंत्रणा मात्र वाया गेली नाही. बुरशीपासून बनणारे ‘क्वॉर्न’ हे मांसासारखे अन्न त्यातूनच बाजारात आले आणि ते आजही विकले जाते.

या वेळी फरक एवढाच, की मिथेनॉलच्या जागी सौर वीज आहे आणि ती गेल्या पंधरा वर्षांत सतत स्वस्त होत आली आहे. ती दोन रुपयांवर आली आणि इलेक्ट्रोलायझरही तसेच स्वस्त झाले, तर वर मांडलेले गणित सोयाबीनच्या विरोधात जाईल.

आपण काय करायला हवे?

दारे बंद करून बसणे हा मार्ग नाही. पीठ आपण बनवले नाही तर ते बंदरावर उतरेल, आणि मग सोयाबीन उत्पादकाच्या वाट्याला फक्त पडलेला दर येईल. सरकारी धोरणात जागा आधीच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘बायोई३’ धोरणात स्मार्ट प्रथिने आणि कार्बन पकडून वापरणे, हे दोन्ही विषय आहेत. १९,७४४ कोटींचे हरित हायड्रोजन अभियान २०२३ पासून सुरू आहे. त्याची नजर मुख्यतः खते, तेलशुद्धीकरण आणि पोलाद यांच्यावर आहे.

मात्र मालकीबद्दल कुठेच बोलले जात नाही. कार्बन डायऑक्साइड सहकारी कारखान्याचा, जमीन शेतकऱ्याची, ऊन सगळ्यांचे आणि पेटंट, यंत्रे व नफा दुसऱ्याच कुणाचा, असा करार झाला तर साखरपट्ट्याला भाड्यापलीकडे काही मिळणार नाही. सहकारी कारखान्यांनी इथेनॉल स्वतः बनवायला घेतले, म्हणून उसाचा पैसा थोडाफार तरी सभासदापर्यंत आला. त्या सहकारातले राजकारण आपण सगळे जाणतो, तरीही भाडेकरारापेक्षा तो बरा. सोयाबीन पट्ट्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही अशा प्रकल्पात भागीदारी हवी, कारण झळ त्यांना लागणार आहे.

सुरुवात ४० टनांनी करायची गरज नाही. रोज १०० किलो पिठाचा प्रकल्प ९०-१०० किलोवॉट विजेवर चालतो. एखाद्या कारखान्याच्या आवारातील शेडच्या छपरांवरच्या पॅनेलमधून आणि हंगामातल्या बगॅसच्या विजेतून ती निभावू शकते. फर्मेंटर चालवणारी माणसे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने वर्षानुवर्षे घडवली आहेत. हायड्रोजन हाताळायला त्यांना नव्याने शिकावे लागेल. तयार झालेले पीठ कोंबड्यांना देऊन वजन, अंडी, आजार यांची नोंद नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाने ठेवावी. माणसासाठीच्या परवानगीचा अर्ज एफएसएसएआयकडे नंतर करता येईल. २०१७ च्या नियमांनुसार अशा नव्या अन्नघटकांना आधी मंजुरी घ्यावीच लागते. आणि या प्रयोगाचा जो अहवाल निघेल, त्यात पहिल्याच पानावर एका किलोमागे किती युनिट वीज लागली आणि ती कुठून आली, हे छापलेले असावे.